सातबाऱ्यावरचे नाव आणि खात्यातले दोन हजार

पैनगंगाकाठ

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर आहे. साडेचार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कापूस), तूर आणि थोडे सोयाबीन. सातबारा वडिलांच्या नावावर होता. २०१९ साली पंतप्रधान किसान सन्मान निधी सुरू झाला तेव्हापासून दोन-दोन हजारांचे हप्ते त्यांच्या खात्यात येत असत. नोव्हेंबर २०२३ मध्ये वडील गेले.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथेच झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी केंद्राचा १६ वा हप्ता सोडला, आणि त्याच वेळी राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा दुसरा व तिसरा हप्ताही एकत्र सोडण्यात आला. वडील जाऊन तीन महिने झालेले असताना त्यांच्या खात्यात असे एकूण सहा हजार रुपये जमा झाले. आम्ही कोणाला कळवले नव्हते आणि कोणी आम्हाला विचारले नव्हते. पुढे मृत्यूची नोंद कोठून तरी शासनापर्यंत पोहोचली असावी, कारण त्यानंतर पैसे आले नाहीत. वारसांचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याची नोंद, दीड वर्ष रखडला. त्यात काही दोष आमचा, कारण आम्ही अर्जच उशिरा केला, आणि काही दोष नावांचा, कारण आईचे नाव आधारवर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि वारसांच्या अर्जात तिसरेच लिहिले गेले होते. आता सातबाऱ्यावर आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण अशी चार नावे लागली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वा हप्ता गावातील बहुतेक घरांत आला. आमच्या घरात कोणाच्याच खात्यावर आला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. चौघांपैकी नोंदणी कोणी करावी? वडिलांच्या पश्चात आलेल्या सहा हजारांचे काय करावे? तिसऱ्या प्रश्नाला कदाचित उत्तर नसेल, तरी विचारतो. त्या वावरात गेली पस्तीस वर्षे निंदण आणि वेचणी आईने केली, सरकीचा दाणान् दाणा तिच्या हाताने टोबला गेला. वडील असताना शासनाच्या लेखी ती शेतकरी का नव्हती, आणि वडील गेल्यावरच ती शेतकरी कशी झाली?


जुने दप्तर

मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही, पहिल्या दोहोंविषयी सांगतो.

या योजनेत लाभ व्यक्तीला मिळत नसून शेतकरी कुटुंबाला मिळतो, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अठरा वर्षांखालील मुले. विवाहित असोत वा नसोत, सज्ञान मुले वेगळे कुटुंब ठरतात. त्यामुळे सामाईक सातबाऱ्यावर चार कुटुंबांची नावे असली, तर ती चारही कुटुंबे आपापल्या हिश्श्यावर स्वतंत्रपणे पात्र ठरू शकतात. अट अशी की त्या प्रत्येकाला वगळणुकीचे नियम लागू होता कामा नयेत. मागील वर्षी प्राप्तिकर भरलेला असेल, घरात कोणी सरकारी नोकरीत असेल (चतुर्थ श्रेणी सोडून), दरमहा दहा हजार किंवा अधिक निवृत्तिवेतन असेल, किंवा डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल म्हणून नोंदणीकृत व्यवसाय चालू असेल, तर ते कुटुंब बाद होते. येथे एक गैरसमज दूर करतो. कर शून्य असताना केवळ विवरणपत्र भरले म्हणून कोणी अपात्र होत नाही. नियमात ‘कर भरलेला’ असे शब्द आहेत. बँकेचे कर्ज मिळावे म्हणून विवरणपत्र भरणारी कितीतरी मुले विनाकारण घाबरून नोंदणीच करीत नाहीत.

दुसरी अट तारखेची. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असली पाहिजे, आणि त्यानंतर झालेले हस्तांतर धरले जात नाही. याला एकच अपवाद आहे, तो खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेल्या जमिनीचा. आपण त्या अपवादात बसता. मात्र वडील हयात असताना २०२१ साली त्यांनी मुलांना वाटणी करून दिली असती तर आपण अडकला असता, आणि अशी अडकलेली घरे माझ्या माहितीत पुष्कळ आहेत. बापाने जिवंतपणी शहाणपणाने वाटणी केली म्हणून मुले बाद, आणि वाद मिटण्याआधीच बाप गेला म्हणून मुले पात्र, असा हा विचित्र न्याय आहे. अलीकडे केंद्राने संशयित प्रकरणे बाजूला काढून प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले. त्यांत नेमकी दोन कारणे ठळक होती: जमीन त्या तारखेनंतर नावावर झाली असणे आणि पती-पत्नी दोघांनाही लाभ मिळत असणे.

कागदांविषयी. सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), वडिलांच्या नावाचा २०१९ पूर्वीचा फेरफार, वारसांचा फेरफार, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि पती-पत्नी दोघांचे आधार बरोबर ठेवा. त्याआधी शेतकरी ओळख क्रमांक काढावा लागेल. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी तो अनिवार्य आहे. सातबाऱ्यावरील नावात लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. नाव आधारवर चुकले असेल तर मात्र तहसीलमध्ये हेलपाटे घालून उपयोग नाही, ते आधार केंद्रातच सुधारावे लागते. लोक नेमके उलटे करतात. नोंदणीची तपासणी आता तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या लॉगिनवर होते. आरंभी हे काम आमच्याकडे होते, त्यामुळे जुने लोक अजूनही तहसीलच्या पायऱ्या चढतात.

सहा हजारांविषयी. हप्त्यांचे कालखंड ठरलेले आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च. केंद्राचा १६ वा हप्ता डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ चा, म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच्या काळाचा, तेव्हा तो परत करावा. नमोचा तिसरा हप्ताही त्याच काळाचा. नमोचा दुसरा हप्ता मात्र ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२३ चा होता, आणि त्या काळात वडील हयात होते. उशिरा वाटला म्हणून तो त्यांचा राहिला नाही असे होत नाही, असे माझे मत आहे. तरी माझ्या मतावर विसंबू नका, तालुका कृषी कार्यालयाला लेखी विचारा आणि पोच घ्या.


मक्तेवाला

शब्दकोशात मक्तेदार म्हणजे एकट्याने सर्व बळकावून बसलेला माणूस. आमच्याकडे मक्त्याने, म्हणजे रोख खंड देऊन दुसऱ्याचे, वावर करणाऱ्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काही नसते, हे टोपणनाव घेताना मला जाणवले होते.

माझी स्वतःची जमीन पाऊण एकर, तीही आजोबांच्या नावावर, पाच चुलत्यांत सामाईक. सात एकर मी दरवर्षी मक्त्याने करतो. मालक नागपूरला असतात, माणूस सज्जन आहे. एकरी बारा हजार रुपये मृगाआधी रोख द्यायचे, मग पाऊस येवो अथवा न येवो. बियाणे, खत, फवारणी, मजुरी माझी. रोह्यांनी आणि रानडुकरांनी खाल्ले तर तेही माझे. पंतप्रधान किसानचे सहा हजार आणि नमोचे सहा हजार मालकांच्या खात्यात जातात. त्यांनी काही लबाडी केलेली नाही, सातबारा त्यांचा आहे आणि नियम तसा आहे. गेल्या वर्षी अतिवृष्टीची मदतही त्यांच्याच खात्यात गेली. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी मला आणून दिली. ती देण्याचे त्यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते.

मी त्यांना साधा करारनामा मागितला होता. ते म्हणाले, ‘भाऊ, कागद केला की कूळ लागते.’ त्यांची भीती मला समजते. विदर्भासाठी १९५८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे, आणि त्या कायद्याने आपल्या भागात कितीतरी मालकांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. त्या आठवणी घराघरांत अजून ताज्या आहेत. जो कायदा कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झाला, त्याच्याच भीतीने आज कसणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर येऊ दिले जात नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, ई-पीक पाहणी (पिकाची मोबाइलवरील नोंद) मालकाच्या नावाने, त्यामुळे हमीभाव केंद्रावर नोंदणीही मालकाच्या नावाने. माझा कापूस मी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विकतो.

पैनगंगाकाठ यांना विनंती आहे की त्यांनी आपला तिसरा प्रश्न मागे घेऊ नये. त्यांच्या आईविषयी जे विचारले, तेच मी माझ्याविषयी विचारतो आहे.


सीमेवरचा

मी चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याकडे राहतो. येथून तेलंगणा इतका जवळ आहे की आमच्या सोयरिकी पलीकडे आहेत, आणि दिवाळीत बहिणीकडे गेलो की हीच तुलना निघते.

तेलंगणाने मे २०१८ मध्ये, म्हणजे केंद्राच्याही आधी, रयतू बंधू योजना सुरू केली. तेथील पैसा कुटुंबामागे न देता एकरामागे दिला जातो. आरंभी वर्षाला एकरी आठ हजार होते, पुढे दहा हजार झाले, आणि जानेवारी २०२५ पासून रयतू भरोसा या नावाने एकरी बारा हजार जाहीर झाले. आपल्याकडे केंद्र आणि राज्य मिळून संपूर्ण कुटुंबाला वर्षाला जितके देतात, तितके तेथे एका एकराला. पाच एकरांचा माझा मेहुणा साठ हजारांस पात्र, आणि नाल्याच्या अलीकडे तितक्याच जमिनीचा मी बारा हजारांस.

तरीही एकरामागे पैसा देणे मला योग्य वाटत नाही. ज्याची वीस एकर त्याला दोन लाख चाळीस हजार आणि ज्याची दीड एकर त्याला अठरा हजार, अशा वाटपाला गरीब शेतकऱ्याचा आधार म्हणणे कठीण आहे. त्या बाबतीत केंद्राची पद्धत, सर्वांना सारखे सहा हजार, अधिक न्याय्य आहे. लहान शेतकऱ्याच्या उत्पन्नात त्या सहा हजारांचा वाटा मोठा असतो. आरंभी तर योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठीच होती. २०१९ च्या निवडणुकीनंतर पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत ती मर्यादा काढून सर्व खातेदारांना घेण्यात आले.

मक्तेवाला यांच्या मुद्द्यावर सांगायचे तर रयतू बंधूनेही मक्तेदाराला काही दिले नाही, पैसा पट्टेदार पासबुक ज्याच्या नावे त्यालाच गेला. वेगळा प्रयोग ओडिशाने केला. तेथील कालिया योजनेत अल्पभूधारकांबरोबर बटईने कसणारे आणि भूमिहीन मजूर कुटुंबेही घेतली गेली. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक लागवडदाराच्या हक्कांचा कायदा केला. त्यात अकरा महिन्यांचा करार करता येतो, त्यावर कसणाऱ्याला ओळखपत्र मिळते, आणि मालकी हक्काला धक्का लागत नाही असे कायद्यातच म्हटले आहे. मालक कितपत सही करतात हा प्रश्न तेथेही आहेच. तरी ‘कागद केला की कूळ लागते’ या भीतीवर निदान कायद्याने बोट ठेवले. आपल्या संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीनेही डिसेंबर २०२४ मध्ये सहा हजारांचे बारा हजार करावेत आणि मक्तेदार शेतकरी व शेतमजूर यांचाही विचार व्हावा, असे सुचवले होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील सत्ताधारी आघाडीने बाराचे पंधरा हजार करण्याचे आश्वासन दिले होते, तेही सर्वांना आठवत असेल.


हमीभाव आधी

एवढी चर्चा वाचून नवल वाटते. मूळ रोगाविषयी कोणीच बोलत नाही.

माझी शेती अकोला जिल्ह्यात, पाच एकर. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. मी माझे बावीस क्विंटल ४१०० रुपयांनी विकले, कारण खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांपेक्षा अधिक भरला आणि दिवाळी तोंडावर होती. क्विंटलमागे ७९२ रुपये, म्हणजे १७,४२४ रुपये मी एका पिकात गमावले. त्याच वर्षी केंद्र आणि राज्याने मला सन्मान म्हणून बारा हजार दिले. कोणी कोणाला अनुदान दिले, याचा हिशेब आपणच करावा. २०२५ मध्ये तर ऐन कापूस निघण्याच्या तोंडावर, १९ ऑगस्टपासून, कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढले गेले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत.

शिवाय सहा हजार हे २०१९ चे सहा हजार आहेत. तेव्हा बोलगार्ड-२ सरकीची पिशवी ७३० रुपयांना मिळत होती, २०२५ मध्ये तिचा दर ९०१ झाला. एकरी दोन पिशव्या धरल्या तर पाच एकरांस दहा; म्हणजे ७३०० च्या जागी ९०१० रुपये. एका हप्त्यातील १७१० रुपये केवळ सरकीची दरवाढ गिळून टाकते. खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी यांचे बोलायलाच नको.


मक्तेवाला

हमीभाव आधी यांचा हिशेब मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. हमीभावाचा लाभ ज्याच्याजवळ विकायला माल आहे त्याला, आणि माल जितका अधिक तितका लाभ अधिक. ज्या वर्षी सोयाबीनच्या शेंगा वावरातच काळ्या पडल्या त्या वर्षी हमीभाव दहा हजार असता तरी मला काय मिळाले असते? आणि खरेदी केंद्रावर सातबारा व त्यावरील पीकपेरा मागतातच. आपण पुन्हा त्याच उताऱ्यापाशी येऊन थांबतो.


धानपट्टा

गोंदिया जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे २०२४-२५ च्या खरिपात नोंदणी केलेल्या धान उत्पादकांना हेक्टरी वीस हजार, दोन हेक्टरपर्यंत, असे प्रोत्साहन जाहीर झाले. त्यापुढे नमोचे हप्ते लहान वाटतात, पण येथेही नोंदणी सातबाऱ्यावरच.

मला दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगायच्या आहेत. रोवणी करून बोटांचे ठसे झिजलेल्या बायाबापड्यांचे अंगठे यंत्र घेत नाही, तेव्हा त्यांना आठ-आठ वेळा सेवा केंद्रावर बोलावू नये. किसानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते, आणि कोणाचाही स्मार्टफोन त्यासाठी चालतो. दुसरे असे की पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही, तो आधारशी जे खाते शेवटी जोडले गेले त्यात जातो. आमच्या वडिलांचे तीन हप्ते ‘आलेच नाहीत’ म्हणून आम्ही सहा महिने भांडत होतो. मोबाइलचे सिम घेताना कोणीतरी उघडून दिलेल्या खात्यात ते सुखरूप पडून होते.


वर्धेची लेक

आपण सर्व ‘सातबाऱ्यावरचे नाव’ असे म्हणत आहात, आणि ते नाव पुरुषाचे असणार हे सर्वांनी गृहीत धरले आहे. मी वर्धा जिल्ह्यात महिला बचत गटांचे हिशेब लिहिते, स्वतः तीन एकर करते. मी एक आकडेमोड येथे मांडते, चूक असेल तर जुने दप्तर यांनी दाखवावी.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २०२४ पासून पात्र स्त्रीला दरमहा १५०० रुपये, म्हणजे वर्षाला अठरा हजार मिळतात. नियम असा आहे की तिला शासनाच्या दुसऱ्या योजनेतून काही रक्कम मिळत असेल तर लाडक्या बहिणीतून फक्त फरक मिळतो. पंतप्रधान किसान आणि नमो मिळून महिन्याला हजार होतात, म्हणून जी स्त्री स्वतः शेतकरी म्हणून नोंदली आहे तिला लाडक्या बहिणीचे पाचशेच मिळतात.

आता शेजारशेजारची दोन घरे घ्या, दोन्हींकडे तीन-तीन एकर. पहिल्या घरात सातबारा नवऱ्याच्या नावावर. त्याला सन्मानाचे बारा हजार, बायकोला लाडक्या बहिणीचे अठरा हजार, घरात वर्षाला तीस हजार आले. दुसऱ्या घरात नवऱ्याने शहाणपणाने म्हणा, प्रेमाने म्हणा, २०१९ आधीच जमीन बायकोच्या नावावर केली होती. तेथे तिला सन्मानाचे बारा हजार आणि लाडक्या बहिणीचे सहा हजार, मिळून अठरा हजार. नवऱ्याला काहीच नाही, कारण कुटुंब एकच. जमीन स्त्रीच्या नावावर असण्याचा दंड दरवर्षी बारा हजार रुपये. नवऱ्याच्या बारा हजारांमुळे बायकोचे पैसे कापले जात नाहीत. बायको स्वतः शेतकरी असेल तरच कापले जातात.

हा दंड कोणी हेतुपुरस्सर लावला असे मी म्हणत नाही. दोन योजना दोन खात्यांनी केल्या आणि बाई मध्ये कात्रीत सापडली. पण ज्या राज्यात १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजनेखाली, नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून विनाशुल्क लावण्याचा निर्णय झाला, आणि त्याही आधी शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली गावोगावी हेच काम चळवळ म्हणून केले, त्या राज्यात आज एखाद्या बाईने मला विचारले की ‘ताई, नाव लावून घेऊ का?’ तर मला खरे उत्तर देताना जीभ अडखळते. गेल्या उन्हाळ्यात दोघींनी विचारले. एकीला मी सांगितले की लाव, पैशाचे पुढे पाहू. ती घरी जाऊन नवऱ्याला हिशेब सांगून आली आणि म्हणाली की ते नको म्हणतात.

नवऱ्याने आत्महत्या केलेल्या घरांचे आणखी वेगळे असते. प्रकरण ‘पात्र’ ठरले तर एक लाखाची मदत, आणि तीही बहुतांश मुदत ठेवीत. सातबारा पुष्कळदा सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या नावावर असतो. सून त्याच वावरात राबत राहते, सन्मान निधी दिराच्या खात्यात जातो. तिला वारस म्हणून उभे राहायचे तर घराशी वैर घ्यावे लागते, आणि ते घेऊन ती राहणार कोठे?


जुने दप्तर

हिशेब दोनदा तपासला, बरोबर आहे. एवढेच जोडतो की लाडक्या बहिणीला वयाची मर्यादा ६५ आहे. त्यानंतर ते पैसे थांबतील, किसानचे थांबणार नाहीत. म्हणून पैनगंगाकाठ यांच्या मातोश्रींची नोंदणी आज लाभाची दिसली नाही तरी टाळू नये. त्यांचे नाव सातबाऱ्यावर लागलेलेच आहे.

तलाठी दप्तरात मी तीस वर्षे सातबारे पाहिले. तो उतारा जमीन कोणाची आणि शेतसारा कोणी भरायचा, एवढ्यासाठी जन्मला. त्यात पिकाची बाजू होती, कसणाऱ्याचीही नोंद घ्यायची तरतूद होती. पण ती पाने बहुधा मालकाच्या सांगण्यावरून, चावडीत बसून भरली जात, आणि मीही ती तशीच भरली आहेत. त्या उताऱ्यावर पुढे अनुदान, विमा, हमीभाव, मदत हे सर्व लादले जाईल असे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते.


हमीभाव आधी

वर्धेची लेक यांचा मुद्दा मला माहीत नव्हता. आमचा सातबारा माझ्या नावावर आहे, आणि घरात तीस हजारच येतात. हमीभावाच्या प्रश्नावर मी ठाम आहे, परंतु हा हिशेब मी येथील शेतकरी गटात मांडणार आहे.


पैनगंगाकाठ

सर्वांचे आभार. या तीन आठवड्यांत जे झाले ते कळवतो.

चौघांपैकी भाऊ पुण्याला नोकरीत आहे आणि कर भरतो, तो बाद. बहिणीचे सासर आदिलाबादकडे; तिच्या यजमानांना केंद्राचा हप्ता तेथे मिळतोच, म्हणून तीही बाद. राहिलो आई आणि मी, दोन वेगळी कुटुंबे. आईला जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात. तिचे वय ६१ आहे. वर्धेची लेक यांची आकडेमोड मी घरात मांडली तेव्हा लक्षात आले की दोन्ही बाजू आमच्याच एका छपराखाली आहेत. माझी नोंदणी झाली तर मला बारा हजार मिळतील आणि माझ्या पत्नीच्या पंधराशे रुपयांना हात लागणार नाही. आईची झाली तर तिला बारा हजार मिळतील आणि तितकेच कापले जातील. दोघांचा हिस्सा सारखा, राबणे मात्र तिचे माझ्यापेक्षा कितीतरी अधिक. ६५ वर्षांचा मुद्दा लक्षात घेऊन दोघांचेही अर्ज केले.

तालुका कृषी कार्यालयात सहा हजारांविषयी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तेथील साहेब काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले; स्वतःहून पैसे परत करायला आलेला माणूस बहुधा त्यांच्या सरावाचा नसावा. केंद्राचे दोन हजार संकेतस्थळावरील परताव्याच्या पर्यायातून भरले. नमोच्या तिसऱ्या हप्त्याचे दोन हजार कोठे भरायचे ते वरून विचारून सांगतो म्हणाले. दुसऱ्या हप्त्याविषयी जुने दप्तर यांनी मांडलेला मुद्दा मी वाचून दाखवला. तो त्यांनी टिपून घेतला, उत्तर दिले नाही. ते चार हजार वडिलांच्या खात्यात तसेच ठेवले आहेत.

आईचा शेतकरी ओळख क्रमांक आला. माझा अडला आहे, कारण आधारवर माझ्या नावात वडिलांचे नाव नाही आणि सातबाऱ्यावर आहे. दुरुस्तीसाठी आधार केंद्रावर सोमवारची वेळ मिळाली आहे. त्या दिवशी वेचणीला माणसे सांगून ठेवली आहेत, म्हणून आई वावरात जाईल आणि मी तालुक्याला.